गाडीला पुसून बघा

नेत्रानं गुडघे टेकून स्टिअरिंगखाली हात घातला आणि चाचपडत काडेपेटीएवढा स्कॅनर खाचेत दाबून बसवला. त्याचा निळा दिवा लुकलुकला. मग सीटवर बसून तिनं ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडीचं बटण दाबलं. हायब्रिड गाडी, इंजिनाची घरघर नाही, हादरा नाही. बारीक ‘टिंग’ वाजलं, पडदा उजळला आणि लाल त्रिकोण लागला. मागचं डावं दार आत चेपलेलं, सीटवर अजून काचेचा चुरा, आणि गाडी मात्र हूं की चूं न करता जागी झाली होती. या शांतपणाची नेत्राला पहिल्या दिवसापासून धास्ती होती. आज तर तिला त्यात एकटीनं बसवेना, म्हणून तिनं एक पाय बाहेर फरशीवरच ठेवला.

दुपारचे अडीच वाजत आले होते. चार वाजता विम्याचा तपासनीस येणार होता, आणि तोही असाच स्कॅनर घेऊन येणार होता. प्रणेशनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, सकाळी ऑफिसला निघताना बुटाची नाडी बांधता बांधता सांगितलं होतं, "तो यायच्या आत कोड पुसून टाक." गॅसवरचं दूध बघ, म्हणावं इतक्या सहज. सरकारी इंजिनिअर माणूस. कुठली गोष्ट किती हलक्या आवाजात सांगायची, हे त्याला बरोबर कळतं.

स्कॅनरनं तिच्या फोनच्या पडद्यावर एकच ओळ पाठवली, बिघाडाचा कोड. पी, शून्य, ए, नऊ, तीन. ही ओळ तिला पाठ होती. दिवाळीत बसवकल्याणहून येताना चढावर पहिल्यांदा हा त्रिकोण लागला, तेव्हा तिनंच हौसेनं स्कॅनर मागवून घरच्या अंगणात कोड काढला होता. कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या बाईला असल्या गोष्टींची हौस असायचीच. बॅटरीची वीज मोटरला पोचवणारा एक डबा असतो. तो गार राहावा म्हणून त्याच्याभोवती पाणी फिरवणारा एक छोटा पंप असतो. तो पंप थकला होता. डबा तापला की गाडी स्वतःला वाचवायला मोटरचा जोर तोडते, मग माणूस कुठं का असेना. हे सगळं तिनं प्रणेशला कागदावर चित्र काढून समजावलं होतं.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला होता. "पण दुरुस्तीला हैदराबादला न्यायची म्हणजे दोन दिवस जातील. मार्च होऊ दे. सध्या कोड पुसून टाक."

तिनं पुसला. दिवा गेला. त्यानंतर आणखी तीनदा लागला आणि तीनदा तिनं तो घालवला. शेवटी शेवटी तर ड्रायव्हर पप्पूच स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगायचा, "म्याडम, दिवा लागलाय, तेवढा घालवा," आणि ती एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तो घालवायची. पप्पूला त्याचं फार कौतुक होतं.

दहा दिवसांपूर्वी पप्पू सुमतीबाईंना, नेत्राच्या सासूबाईंना, डोळ्यांच्या डॉक्टरकडून घरी आणत होता. कारखान्याच्या फाट्यावर हमरस्ता ओलांडताना, उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मागच्या दारावर आला. सुमतीबाईंच्या मांडीचं हाड मोडलं. बिदरला ऑपरेशन होऊन कालच त्यांना घरी आणलं होतं. पप्पूचं म्हणणं, गाडी रस्त्याच्या मधोमध मेली. प्रणेशनं पोलिसांना सांगितलं, गाडीत काही दोष नव्हता, पोरगा मोबाइलवर बोलत असणार. सुमतीबाईंना डुलकी लागलेली. म्हणजे काय घडलं ते एक पप्पूला ठाऊक आणि दुसरं गाडीला.

कोड पडतो त्या क्षणाचे आकडे गाडी जपून ठेवते. नेत्रानं ते आजवर कधी उघडले नव्हते. दिवा घालवायला त्यांची गरज लागत नाही. आज तिनं ते उघडले. वेग, ताशी नऊ किलोमीटर. ब्रेक, शून्य. ॲक्सिलरेटर, अठ्ठ्याण्णव टक्के.

तिनं तो शेवटचा आकडा दोनदा वाचला. एवढा पाय कुणी सहज दाबत नाही. अंगावर काहीतरी येतंय आणि मागं म्हातारं माणूस बसलंय, तेव्हाच दाबतात. पप्पूनं जीव खाऊन पाय दाबला होता, आणि गाडी नऊच्या वर गेली नव्हती. डॅशबोर्डच्या आत कुठंतरी एक पंखा आपला आपण सुरू झाला, थोडा वेळ फिरला आणि थांबला.

दोन बटणं एकदम दाबली की पडद्याचा फोटो निघतो, हे तिच्या अकरावीच्या पोरींनाही माहीत आहे. तिचा अंगठा त्या बटणापर्यंत गेलासुद्धा. पण फोटो काढला म्हणजे तो कुणाला दाखवायचा हेही ठरवावं लागणार, आणि ते तिचं ठरलं नव्हतं. आधी ठरवू, मग काढू, असं मनाशी म्हणत ती नुसतीच बसून राहिली.

फाटकाची कडी वाजली.

"बाईसाब हैत का?"

पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल, हातात हरभऱ्याच्या ढाळ्यांची पेंढी. चपला त्यानं फाटकाबाहेरच काढल्या होत्या. पप्पूचा बाप, कमठाण्याचा राघोबा. गाडी नवी आली तेव्हा पूजेला आला होता, त्यानंतर आजच दिसत होता. नेत्रा घाईनं गाडीतून उतरली आणि फोन उगाचच पदराआड गेला.

"या ना, राघोबा. बसा. चहा ठेवते."

"चा नगं. सुमतीबाई कशा हैत?"

"झोपल्यात. गोळीनं झोप लागते."

"झोपू द्या, झोपू द्या," म्हणत त्यानं आवाज एकदम खाली आणला. ढाळे पायरीवर ठेवले, पण तो स्वतः बसला नाही. थोडा वेळ तो चेपलेल्या दाराकडं बघत राहिला, मग टॉवेलनं तोंड पुसून बोलायला लागला.

"बाई, पोरगं दहा दिसापासनं नीट जेवत न्हाई. सोमवारी ठाण्यात बोलवलंय. बसच्या ड्रायव्हरच्या यादीत नाव लागलंय त्येचं, तुमाला तर माहीत हाय. केस बसली की नाव कापत्यात म्हणं. पाच वर्सं झाली, पोरगं त्येच्याच मागं हाय."

नेत्रानं मान हलवली. यादी लागली त्या दिवशी पप्पूनं पेढे आणले होते आणि पहिला पेढा तिच्या हातावर ठेवला होता.

"मी त्येला परवादिशी म्होरं बसवलं. मनलं, खरं सांग, फोनवर हुतास का? न्हाई मनला. डोळा लागला का? न्हाई मनला. अप्पा मनला, मी पाय पार खालपातूर दाबला, गाडी सरकलीच न्हाई." राघोबा थांबला. "बाप हाय मी. बापाला लेकराचं खरंच वाटतंय. पर सायेब म्हणायलेत, गाडीत कायबी न्हवतं. आता सायेब कामून खोटं बोलतील?"

हा त्यानं खरोखर प्रश्नच विचारला होता. त्यात टोमणा नव्हता, आडून काही सुचवणं नव्हतं. टोमणा असता तर नेत्राला बरं वाटलं असतं.

"पप्पू म्हणायलता, म्याडमकडं मशीन हाय, गाडीच्या पोटातलं समदं सांगतंय. तर तेवढं गाडीला पुसून बघा, बाई. गाडी मनली पोराचं चुकलं, तर मी सोता त्येला ठाण्यात नेऊन बसवतो. सायबावर माझा राग न्हाई. पर एकदा पुसा."

पुसा. अकरा वर्षांपूर्वी पुण्याहून लग्न होऊन आली तेव्हा याच शब्दानं तिची फजिती केली होती. सासूबाई म्हणाल्या होत्या, "शेजारच्या कमलबाईला पुसून ये," आणि नवी सून ओला फडका हातात घेऊन दारात उभी राहिली होती. कमलबाईंचं नक्की काय पुसायचं, ते तिला कळेना. घर आठवडाभर हसत होतं. कमलबाई तर अजून हसतात. इकडं पुसणं म्हणजे विचारणं. प्रणेशला दोन्ही येतं, आईशी तो इकडचं बोलतो आणि बायकोशी पुण्याचं. सकाळी त्यानं सांगितलं ते पुण्याचं पुसणं. राघोबा म्हणत होता ते इथलं. दोघांनी तिला एकाच शब्दात काम सांगितलं होतं, दोघांचं काम एकाच यंत्रावर होणार होतं, आणि एकाचं केलं की दुसऱ्याचं कायमचं राहणार होतं.

"कोण आलंय गं?" आतून सुमतीबाईंचा जड आवाज आला.

"कुणी नाही, आई. झोपा तुम्ही."

बोलून गेल्यावर आपण राघोबासमोर काय म्हणालो ते तिला उमगलं. राघोबानं मात्र अगदी पटल्यासारखी मान डोलावली. आजारी माणसाला उठवू नये, हे त्याच्या दृष्टीनं बरोबरच होतं.

नेत्रा पुन्हा गाडीत बसली. राघोबा मागोमाग आला, पण चार हातांवर थांबला. मग न राहवून त्यानं पुढं होऊन छपरावर तळवा ठेवला, दावणीच्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.

"सांग माय," तो गाडीला म्हणाला. "जे झालं ते सांग."

पडद्यावर आकडे तसेच होते. नऊ. शून्य. अठ्ठ्याण्णव. त्याच्याकडं फोन वळवून बोट ठेवलं असतं की झालं असतं. हे बघा, हा तुमच्या पप्पूचा पाय. एवढं एक वाक्य. ते तिच्या ओठांवर तयार होतं, आणि ते बोलून टाकलं तर आपल्याला किती हलकं वाटेल, याचीही तिला कल्पना होती. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून गेल्या. त्यांचा आवाज विरेपर्यंत ती थांबली.

"राघोबा," ती म्हणाली.

"जी." तो एकदम वाकला.

फोन वाजला. प्रणेशचं नाव आकड्यांवर येऊन बसलं.

"पुसलंस का?"

"नाही अजून. राघोबा आलेत."

"कोण?"

"पप्पूचे वडील."

पलीकडं प्रणेश खुर्चीवरून उठल्याचा, दार लोटल्याचा आवाज आला. मग तो अगदी शांतपणे बोलू लागला.

"नेत्रा, नीट ऐक. तपासनीसाला तो कोड दिसला, की तो पहिलं विचारणार, हा कधीपासून आहे. मग पोलीस विचारणार, आधी चारदा कुणी घालवला. मी काय सांगू? मला त्यातलं काही कळत नाही. तू शिकलेली आहेस, फिजिक्स शिकवतेस. तुला कळत होतं की काय होऊ शकतं. तू मला चित्र काढून दाखवलं होतंस."

"तूच म्हणालास, मार्च होऊ दे."

"म्हणालो असेन. कुठं लिहिलेलं आहे का?" त्याचा आवाज जराही चढला नाही. "मी तुला घाबरवत नाहीये. तुझ्याच भल्याचं सांगतोय. मी थांबतो फोनवर. पूस."

अकरा वर्षांच्या संसारात त्यानं तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. ‘कुठं लिहिलेलं आहे का?’ हेही त्यानं त्याच आवाजात विचारलं होतं. आजवर या घरात कुठल्या कुठल्या गोष्टी लिहिलेल्या नाहीत, हे तिनं कधी मोजलंच नव्हतं.

तिनं फोन तसाच चालू ठेवून ॲप वर आणलं. खालच्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याच्या चित्रावर बोट ठेवलं. ॲपनं नेहमीसारखी खात्री करून घेतली, सगळी माहिती जाईल, चालेल का? आधी चार वेळा तिनं न वाचता ‘हो’ म्हटलं होतं. या वेळी तिनं प्रत्येक शब्द वाचला. राघोबाची सावली तिच्या मांडीवर पडली होती आणि त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटणारच होती. त्या घटकेला तिला फक्त भीती वाटली, आणि भीतीनंच अंगठा खाली गेला.

एक चक्र फिरलं. आकडे गेले. पडदा हिरवा झाला आणि मधोमध एक मोठं शून्य आलं. डॅशबोर्डवरचा लाल त्रिकोण विझला. पंप अजून तसाच थकलेला होता, पण गाडी आता तसं म्हणत नव्हती.

"पुसलंस?" प्रणेशनं विचारलं.

"पुसलं," ती म्हणाली.

फोन बंद झाला.

"पुसलं?" राघोबा म्हणाला. एवढ्या बोलण्यातून त्याच्या अधू कानांवर तेवढा एकच शब्द आला होता, आणि तो त्याच्या ओळखीचा होता. त्याचा चेहरा उजळला. "मग? काय मनली गाडी?"

नेत्रानं त्याच्याकडं बघितलं. अजूनही सांगता आलं असतं. आकडे यंत्रातून गेले होते, तिच्या डोक्यातून नाही. पण आता ते तिच्या तोंडचे आकडे झाले असते. त्याला पुरावा नव्हता, आणि पुरावा का नाही, हेही मग सांगावं लागलं असतं. तिनं फोन त्याच्यापुढं धरला.

राघोबा फार शिकलेला नव्हता, पण शून्य कुठल्याही लिपीत वाचता येतं. त्यानं डोळे बारीक करून पडदा जवळ घेतला, लांब धरला.

"पूज्य हाय की ह्ये."

"हो."

"म्हंजी गाडीत कायबी न्हवतं."

"आता काही दाखवत नाही," नेत्रा म्हणाली. तिच्याजवळ जेवढा म्हणून खरेपणा उरला होता, तेवढा तिनं त्या ‘आता’त घातला. राघोबाला तो ऐकू आला नाही.

त्यानं फोन परत दिला आणि पायरीवर बसला. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बराच वेळ तो टोपीची घडी नुसती बोटांनी दाबत होता. नेत्राला वाटलं, हा आता चिडेल, यंत्र खोटं आहे म्हणेल, निदान पुन्हा एकदा पुसा म्हणेल. तसं त्यानं म्हणावं असं तिला फार वाटत होतं. त्याऐवजी खिशातून बटणांचा जुना फोन काढून त्यानं पप्पूला लावला. कानानं कमी ऐकू येतं म्हणून त्याचा फोन कायम मोठ्या आवाजावर असायचा.

"पप्प्या. बाईनं गाडीला पुसलं."

"मग?" पप्पूचा आवाज अंगणभर झाला. त्यात हसू फुटायच्या बेतात होतं. "काय मनली, अप्पा?"

"कायबी मनली न्हाई. पूज्य दावायली."

पलीकडं कुठंतरी कुकरची शिटी झाली. कुणीतरी कुणाला हाक मारली.

"म्याडमनं सोता बघितलं?"

"सोता. माझ्या म्होरं."

फोन राघोबाच्या तळहातावर होता, नेत्रापासून दोन पावलांवर. ती तिथूनच बोलली असती तरी पप्पूला ऐकू गेलं असतं. तिचं तोंड उघडलं. तिनं ते पुन्हा मिटून घेतलं. राघोबानं मान खाली घातली होती. तो तिच्याकडं बघतही नव्हता.

कुकरची आणखी एक शिटी झाली, आणि मग पप्पूचा आवाज आला.

"मग मी दाबला नसंल, अप्पा," तो म्हणाला. "मला नुसतं वाटलं असंल."

राघोबानं फोन बंद करून खिशात ठेवला. तो उठला, टोपी डोक्यावर नीट बसवली आणि नेत्रासमोर दोन्ही हात जोडले.

"कबूल झाला बघा, बाई."